टापूपलीकडची कपार

नागपूरला नातवाच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. निळ्या फरशीचा, कुठूनही तळ दिसणारा. नातू मला काठावरच्या खुर्चीत बसवतो आणि विचारतो, आजी, तुला पोहता येतं का? मी सांगते, येत नाही. हे अर्धं खरं आहे. पोहणं मला कुणी शिकवलंच नाही. शिकवली ती बुडी, आणि बुडीत पुढे जाण्यापेक्षा खाली राहण्याचं काम जास्त. मी जेमतेम न्हातीधुती झाले होते तेव्हाची ही गोष्ट. त्या एका हंगामात मी जेवढी भ्याले, तेवढी पुढे बाळंतपणात भ्याले नाही, नवऱ्याच्या आजारपणात नाही आणि दवाखान्यात मला भूल देताना तर मुळीच नाही. भीतीचा माझा वाटा मी लहानपणीच संपवून टाकला असं मी गमतीनं म्हणते, पण खुर्ची मात्र पाण्यापासून दोन हात मागे घ्यायला लावते.

आमचं गाव सालेकशाकडच्या जंगलाच्या कडेला, वाघ नदीच्या काठावर. तेव्हा जिल्हा भंडारा होता. गोंदिया म्हणजे आगगाडी जाते ते हिंदी बोलणारं मोठं गाव, एवढंच आम्हाला माहीत. आम्ही ढिवर, मासे धरणारे. धानाच्या दोन बांध्या होत्या, त्यांचं काम पावसाळ्यापुरतं. एरवी आमची शेती म्हणजे नदी. गावाच्या थोडं खाली नदी फुटते आणि एका खडकाळ बेटाला दोन्हीकडून वळसा घालून पुन्हा एक होते. त्या बेटाला सगळे टापू म्हणत. टापूवर अर्जुनाची चार-दोन झाडं आणि एका दगडाखाली शेंदूर फासलेल्या साती आसरा, पाण्याच्या देवता. दिवाळी झाली की नदीचा गढूळपणा खाली बसायचा आणि टापूभोवतीच्या खडकातल्या कपारी वरून दिसायला लागायच्या. त्या कपारींत मोठे झिंगे राहत. हल्ली बाजारात बोटाएवढे मिळतात ते नव्हेत. मनगटाएवढे, निळसर नांग्यांचे, आणि मिशा अंगापेक्षा लांब. ते जाळ्यात येत नाहीत. दिवसभर कपारीत बसून राहतात, बाहेर नुसत्या मिशा. धरायचे तर खाली जाऊन आत हात घालायचा, याला दुसरा उपाय नव्हता.

माझा बाप, ज्याला मी बा म्हणायचे, बुटका आणि रुंद छातीचा होता. बोलणं अगदी मोजकं. माय त्याच्यापेक्षा बोटभर उंच आणि तोंडानं चांगली तिखट. आमच्या घराच्या मागच्या पडवीत ढेकी होती. पहाटे माय पायानं ढेकी दाबून धान कांडायची, आणि तिच्या ठोक्यांवरून मला अंथरुणातच कळायचं की आज कुणाला बोलणी बसणार आहेत. सांजेला चुलीवर भात आणि लाखोरीची डाळ असायची. चांगले झिंगे बाजाराला जात. घरात शिजत ते नांगी तुटलेले नाहीतर लहान. माय त्यांची डोकी पाट्यावर वाटून चिंचेच्या कोळात घालायची, वरून जवसाचं तेल. त्या रश्शाला नदीच्या तळाचा वास यायचा. बा डोकी चोखत बसायचा आणि त्याला बोलावंसं वाटायचं ते तेवढ्याच वेळात. कुठल्या दगडाजवळ वाळू झाडल्यासारखी दिसली, कुठली कपार थंड लागली, असलं काहीबाही. माय हूं हूं करायची, मी ऐकायचे. त्या सांजा मला आवडायच्या.

माझ्या पाठीवर दोन लेकरं आली आणि एकही राहिलं नाही. पहिलं पोटातच, चौथ्या महिन्यात गेलं. दुसरं दिवस भरून जन्मलं, पण रडलं नाही. आमच्यात एक नेम होता, तो इथं सांगायला हवा. ज्याच्या घरी बाई दोन जिवाची आहे, त्या पुरुषानं कपारीत हात घालायचा नाही. जाळं टाकावं, गळ लावावा, पण कपारीत हात नाही. आत मादी अंडी पोटाखाली धरून बसलेली असते. तू तिच्या घरात हात घातलास तर ती तुझ्या घरात घालील, असं जुनी माणसं म्हणत. त्या दुसऱ्या लेकराच्या वेळी माय बाला म्हणाली होती, नका जाऊ. सण तोंडावर होता, बा हसून गेला होता. लेकरू न रडता जन्मलं, तेव्हापासून मायनं त्याला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. एरवी मिठावरून भांडणारी बाई ती. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, असं बा पुढे म्हातारपणी एकदा म्हणाला.

मी सांगते त्या साली मायला पुन्हा दिवस गेले. पोळ्याच्या दिवशी बानं माझ्यादेखत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू मोकळी होईस्तोवर कपारीत हात नाही घालत." झालं, प्रश्न मिटला असं मला वाटलं. पण दिवाळी गेली, पाणी निवळलं आणि दुसरा नेम आडवा आला. कपार ज्या घरची, त्या घरातल्या कुणीतरी दर हंगामात बुडी मारून तिच्यात हात घातलाच पाहिजे. एक हंगाम चुकला की कपार मोकळी. कोणीही यावं आणि घ्यावी. टापूच्या अलीकडच्या अंगाच्या सगळ्या कपारी माझ्या आज्यानं शोधलेल्या होत्या. नदीपलीकडच्या तीरावर बुधा म्हणून एक होता, त्याला तीन भाऊ आणि चौघंही बुडी मारण्यात पटाईत.

"बुधाचे भाऊ टापूकडं पाहून राहिले," बा एका सांजेला भात कालवत म्हणाला.

"पाहू द्या," माय म्हणाली.

"यंदा बुडी नाही झाली तं बापाच्या साऱ्या कपारी गेल्या समज."

"गेल्या तं गेल्या. माहं लेकरू नाही जाऊ देत मी."

मग तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा आत सारलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोट्टी हाय ना आपली."

बा भात कालवतच राहिला. मला वाटलं माय चेष्टा करते आहे, कारण ती तशी करायची. पण दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन लोहाराकडे गेली आणि बैलाच्या जुन्या नालाचं एक कडं घडवून माझ्या उजव्या मनगटात घातलं. "लोखंड अंगावर असलं का आसरा हात नाही लावत," ती म्हणाली. कडं थोडं सैल होतं. कोपरापर्यंत वर सरकायचं आणि हात खाली केला की अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबायचं. मायनं ते हलवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझा हात सोडेना. तेव्हा मला कळलं की चेष्टा नाही.

बुधानं अर्थात तक्रार केली. पोरीची बुडी कोनी पाहिली का कवा, असं तो चार लोकांत म्हणाला. आमच्यातला एक म्हातारा होता, दोन्ही कानांनी बहिरा, पण नेमाच्या गोष्टी त्याला विचारत. त्याला प्रश्न ओरडून सांगावा लागला. "पानी पोरगा-पोरगी नाही पाहत," तो म्हणाला, आणि माझी सुटायची एकुलती एक वाट बंद झाली. मी त्या म्हाताऱ्यावर पुष्कळ दिवस मनातून चिडून होते.

तर मी बुडी शिकले. बा डोंग्यात बसायचा, माझ्या कमरेला अंबाडीची दोरी, तिचं टोक त्याच्या हातात. दोरी हलवली की तो ओढून घेणार. जागा कशी शोधायची ते तो वरून सांगायचा. "जिथं लहाने मासे थांबत नाही तिथं मोठं जनावर हाय समज. कपारीच्या तोंडाशी शेवार हाय का पाहा. शेवार असन तं घर रिकामं. वाळू झाडल्यावानी साफ असन तं कोनी राहून राहिलं." खाली गेलं की आधी पाय घालायचा, मग हात. पायाच्या बोटांना मिशा लागल्या तर झिंगे आहेत. काहीच लागलं नाही तर एकतर कपार रिकामी आहे किंवा आत साप आहे, आणि दोन्हीत आपलं काम नाही. बहुतेक कपारींना दोन तोंडं असत. मागच्या तोंडाशी गोटा लावून ते बंद करायचं, मग पुढून हात. हे सगळं एका श्वासात.

लोक विचारतात, पाण्याखाली कसं दिसतं? मला दिसायचंच नाही फारसं. हिरवट उजेड, आणि खाली गेलं की तोही मागे राहायचा. कानांत आधी कळ यायची, मग सगळे आवाज बंद, आणि मग आपलंच काळीज कुणीतरी बाहेरून वाजवावं तसं ऐकू यायचं. सगळ्यात वाईट होतं ते पायाला मिशा लागणं. अंधाऱ्या खोलीत तोंडावर कोळ्याचं जाळं यावं तसं. आत कुणीतरी आहे आणि त्याला मी आले हे कळलं आहे. मला रोज सकाळी पोटात दुखायचं. खोटं नाही, खरोखर दुखायचं. मी मायला सांगायचे, ती माझ्याकडे बघायची, ओवा द्यायची, आणि मी ओवा चघळत डोंग्यात जाऊन बसायचे. परत आल्यावर ती माझे केस पुसायची ते इतक्या जोरात की डोकं दुखायचं. तिचं पोट मध्ये यायचं, मग ती एका अंगानं वळून पुसायची.

पण त्या पावसाळ्यात मोठा पूर येऊन गेला होता. आज्याच्या एकेका कपारीत मी उतरले तर बहुतेक वाळूनं भरलेल्या. नेमापुरती बुडी होत होती, झिंगे मात्र मिळत नव्हते. आमगावहून सायकलवर टोपली बांधून एक भैया घ्यायला यायचा. तो टोपलीत डोकावून म्हणायचा, "बस, इतनाही?" बाला ते लागायचं. शेवटी एक दिवस त्यानं डोंगा टापूला वळसा घालून पलीकडच्या अंगाला घेतला.

त्या अंगाला आमचं कुणी जात नसे. तिथं खडक पायऱ्या न करता सरळ खाली उतरतो आणि पाणी भरदुपारीही काळं दिसतं. आज्याचा धाकटा भाऊ तिथं राहिला होता. आमच्यात बुडाला म्हणत नाहीत, राहिला म्हणतात. बा बराच वेळ वल्हं पाण्यात न घालता नुसता बसून होता. डोंगा आपोआप खडकाकडे सरकत होता.

"सगुना, भेव लागते का तुले?"

"नाही," मी म्हटलं.

"मले लागून राहिलं," तो म्हणाला. "चाल, जाऊ वापस."

आणि नेमकं तेव्हा डोंगा खडकाला टेकला, काळ्या पाण्यात उन्हाचा एक कवडसा उतरला आणि मला ते दिसलं. खडकाच्या एका उभ्या चिरेखाली हातभर जागा अशी साफ होती, की कुणी सकाळीच झाडून घ्यावी. आजूबाजूला शेवाळ, आणि त्या चिरेच्या ओठावर नाही. चिरेतून बाहेर बारीक बारीक हलणारं काहीतरी. एक-दोन नव्हे, झुपकाच्या झुपका मिशा. मी बाला बोट करून दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. आज्यानंतर टापूभोवती नवी कपार कुणी शोधली नव्हती, आणि ही आमच्या घराची होणार होती. मलाही, खरं सांगते, क्षणभर भीती आठवली नाही. मला वाटलं, आज भैया तोंडात बोट घालील.

मी उतरले. पाय घातला. मिशाच मिशा. मागचं तोंड सापडलं, त्याला गोटा लावला. मग चिरेत उजवा हात सारला. चीर तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस होती. हात जाताना कडं वर सरकलं असणार. बोटांना टणक पाठ लागली, मी ती धरायला गेले आणि ती निसटली. हात मागे घेतला तर आला नाही. पुन्हा ओढला. कडं अंगठ्याच्या मुळाशी उतरलं होतं आणि दगडाच्या दोन ओठांमध्ये आडवं बसलं होतं. मला लगेच समजलं नाही. मला वाटलं, कुणीतरी मनगट धरलं आहे.

मी दोरी हलवली. बानं ओढली, जशी ओढायची तशीच, जोरात. दोरीनं माझी कंबर वर गेली आणि कडं आणखी घट्ट रुतलं. मी दोरी पुन्हा हलवली, त्यानं आणखी जोर लावला. छातीत जाळ झाला होता. वर उजेड दिसत होता, आणि तो फार दूर नव्हता, हीच तर भीती. माय, माय, एवढंच मनात येत होतं. मग दोरी एकदम सैल पडली. मला वाटलं, तुटली. मी राहिले, असं मला वाटलं. हा शब्द मला तेव्हा स्पष्ट ऐकू आला.

दोरी तुटली नव्हती. बानं सोडली होती आणि तो खाली आला होता. त्याची छाती माझ्या पाठीला लागली. त्यानं माझं मनगट चाचपलं, आणि मग त्याचा उजवा हात माझ्या हाताच्या वरून, कातडं सोलत, त्या कपारीत गेला. पार दंडापर्यंत. आत त्यानं माझा अंगठा तळव्यात मिटला, वरून कडं धरून पिळलं आणि माझा हात त्यातून खेचून काढला. अंगठ्याचं कातडं तिथंच राहिलं, कडंही तिथंच राहिलं. वर आलो तेव्हा मी पाणी ओकत होते आणि तो मला खडकावर ढकलत होता.

आम्ही किती वेळ तिथं पडून होतो कोण जाणे. माझ्या हातातून रक्त येत होतं. मी बाच्याकडे पाहिलं, वाटलं, आता तो माझा हात बघेल. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. बोटं पसरून, पुढून, मागून. नखं फुटली होती. मी तोवर फक्त माझ्यापुरता विचार करत होते. त्या हाताकडे पाहिलं आणि मला पोळ्याचा दिवस आठवला. मायचं डोकं, त्यावर हाच हात. पाण्यातल्या भीतीपेक्षा ही भीती वेगळी होती. ती थंड होती आणि ती बाहेर आल्यावरही गेली नाही.

"मायले नको सांगजो," बा म्हणाला. बस, एवढंच.

घरी आम्ही सांगितलं की मी खडकावर घसरले, हात खरचटला आणि कडं पाण्यात पडलं. मायनं माझ्या हाताला हळद भरली. कडं गेलं म्हणून ती रागावली नाही, हे मला विचित्र वाटायला हवं होतं. तिनं माझ्या दंडाला काळा दोरा बांधला आणि चुलीपाशी गेली. बा त्या सांजेला भिंतीकडे तोंड करून जेवला. दुसऱ्या दिवशी तो डोंगा काठावर उलटा घालून आला आणि म्हणाला, यंदा बुडी बंद, पोरीचा हात बरा नाही. ती नवी कपार होळीच्या आधीच बुधाच्या भावांना सापडली. बाला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याचं लक्षच नव्हतं तिकडे.

मग सुरू झाले ते दिवस. मी पाण्यात उतरत नव्हते, पोटात दुखणं मात्र थांबलं नाही. बा आता मायला ढेकीवर पाय ठेवू देत नव्हता, स्वतः कांडायचा, आणि त्याचे ठोके इतके बेताल पडायचे की शेजारीण हसायची. मायला पाणी द्यायचं तर तो डाव्या हातानं द्यायचा. तिच्या अंगावरून जाताना उजवा हात पाठीमागे धरायचा. त्याला वाटत असणार की कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येत होतं. मी दुपारी माय आडवी झाली की तिच्या पोटाला कान लावायचे.

"काऊन कान लावून राहिली वो?"

"हालते का पाहून राहिली."

"हालते ना. लाथा मारून राहिलं तुह्यावानी," ती म्हणायची आणि माझं डोकं तसंच धरून ठेवायची, मला उठू द्यायची नाही.

एक दिवस ते हललं नाही. सकाळपासून माय उंबरठ्यावर बसून होती, हात पोटावर, डोळे अंगणातल्या कोंबड्यांवर, पण कोंबड्या दिसत नसाव्यात. मी विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाली. थोड्या वेळानं तिनं गुळाचा खडा खाल्ला, मग गार पाणी प्याली, मग डाव्या कुशीवर निजून पाहिलं. मी बाला शोधत बांधीवर गेले. तो लाखोरीत उभा होता. मी म्हटलं, बा, आज हालत नाही. तो तिथंच खाली बसला. आम्ही दोघं त्या हिरव्या लाखोरीत बसून राहिलो. दूरवर दरेकशाकडे जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकू आली. मी तेव्हा सगळ्या देवांना जे जे कबूल केलं, ते फेडायचं तर मला आणखी दोन जन्म लागतील. परत आलो तर माय तांदूळ निवडत होती. आम्हाला दोघांना दारात असं उभं पाहून म्हणाली, "काय झालं, भूत पाहलं का? हालून राहिलं आता. दुपारची झोप घेऊन राहिलं होतं."

माघात, सूर्य चांगला वर आलेला असताना मायच्या कळा सुरू झाल्या. गावातली सुईण रखमाबाई आत गेली आणि दार लोटलं. बा अंगणात, मी चुलीपाशी पाणी तापवत. माय ओरडणारी बाई, पण त्या दिवशी ओरडली नाही. नुसतं दात आवळून हुंकार. मग तोही थांबला. आणि मग काहीच नाही. मला ती शांतता माहीत होती. मागच्या लेकराच्या वेळी मी लहान होते, पण त्या वेळची शांतता मी ओळखत होते. बानं डोळे मिटले. आत रखमाबाई काहीतरी पुटपुटत होती, पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज येत होता, एक, पुन्हा एक. मला वाटलं, मी त्या कपारीतच राहिले असते तर बरं झालं असतं. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हाही मी ते अगदी याच शब्दांत म्हटलं होतं.

मग ते रडलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं खणखणीत.

रखमाबाई दार उघडून म्हणाली, "पोरगा हाय." बा हलला नाही. त्यानं विचारलं, "हात बरे हाय का त्याचे?" रखमाबाईला कळेना. "काय होते हाताले?" म्हणत ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं लेकरू उंबऱ्यापर्यंत घेऊन आली. त्याच्या मुठी मिटलेल्या होत्या. बा वाकून बघत होता, पण बोट लावत नव्हता. मी तापलेल्या पाण्याचं पितळी गंज हातात धरून तशीच उभी.

आतून मायचा आवाज आला, दमलेला पण तिचाच. "उघडून पाहा ना मुठी. दोनी पाहा. कपारीत हात तुमी घातला, त्यानं नाही."

बानं उंबऱ्याला हात टेकला. "तुले कवा कळलं?"

"त्याच सांजेले. भिताडाकडं तोंड करून डाव्या हातानं भात कोन खाते?"

"मंग बोलली काऊन नाही?"

आत ती कुशीवर वळल्याचा आवाज आला. "काय बोलू?" ती म्हणाली. "हे लेकरू वाचवासाठी त्या लेकराले पान्यात मीच धाडलं. तुमी हात नसता घातला तं ती पोट्टी नसती आज. मी बोलली असती तं तुमी दोघंबी भेले असते. मी एकली भेत होती, तेवढं पुरे झालं."

रखमाबाई एकदा आत बघे, एकदा बाहेर. बानं उजवा हात पुढे केला, परत घेतला. धोतराला पुसला. पुन्हा पुसला.

"पुसून काऊन राहिले?" माय आतून म्हणाली. "त्याच हातानं घ्या त्याले."